कोरं लायसन्स

माझा मामा नव्या गाड्यांच्या शोरूममध्ये ड्रायव्हर होता. विकलेली गाडी गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन उभी करायची, एवढंच काम. नव्या गाडीला स्वतःचा नंबर नसतो, म्हणून शोरूमची तात्पुरती पाटी लावायची आणि गाडी पोचली की काढून आणायची. ड्रायव्हर बरेच, पाटी एकच. कॅमेऱ्यात पाटी दिसते, तोंड दिसत नाही. कुणी सिग्नल तोडला की नोटीस शोरूमला यायची आणि गाडी कोण चालवत होतं हे शोरूमने कळवायचं.

तिथला रिवाज असा, की ज्याच्या लायसन्सवर सगळ्यात कमी गुन्हे, त्याचं नाव द्यायचं. ठरावीक गुन्हे भरले की लायसन्स रद्द होतं; असं वाटून दिलं म्हणजे कुणाचंच जात नाही. बाकीच्यांची भरत आलेली, मामाचं कोरं करकरीत. मग काय, प्रत्येक वेळी मामाच. मॅनेजर गोड बोलायचा, मामा सही करायचा. माझं डोकं फिरायचं. मामा म्हणायचा, चालतं. त्याला सगळंच चालायचं, आमटीत मीठ नसलं तरी चालायचं.

शेवटी मामाचंही भरलं. आरटीओच्या साहेबांपुढे हजर राहायचं होतं, मीही सोबत गेलो. ‘मी नव्हतो’ एवढं म्हणाला असता तर पोटापाण्याचं साधन वाचलं असतं. मी टेबलाखालून पाय मारला. उलट्या दिशेने गाडी का घातली, असं साहेबांनी विचारलं.

“घाई होती,” मामा म्हणाला.

लायसन्स रद्द झालं. दुसऱ्या दिवसापासून शोरूममध्ये गाड्या धुवायच्या, असं ठरलं. त्याला त्याचंही काही वाटलेलं दिसलं नाही.

घरी मामी कपड्यांच्या घड्या घालत होती. मामा सांगणार नाही हे माहीत होतं, म्हणून मीच सगळं सांगितलं. घाईचंही सांगितलं. मामीचा हात थांबला.

“घाई?” ती मामाला म्हणाली. “आपल्या बाळाच्या वेळी मी मागच्या सीटवर तडफडत होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तरी तुम्ही प्रत्येक लाल दिव्याला थांबलात.”

ते बाळ जगलं नव्हतं. त्या घरात हा विषय निघालेला मी कधी ऐकला नव्हता.

मामा खिडकीकडे वळला.

“म्हणून तर कोरं होतं,” तो म्हणाला.