चप्पल होती का पायात?

दिगंबरमामा माणसाच्या तोंडाकडं नंतर बघायचे, आधी पायांकडं. वसमतच्या कोर्टात फौजदारी वकिली करताना लागलेली ही खोड त्यांनी घरातही चालू ठेवली. एकदा बायकोशी भांडून, "या घरात आता पाणीसुद्धा पिणार नाही" असं बजावून मी हिंगोलीहून तडक त्यांच्याकडं गेलो. मामांनी माझ्या बुटांकडं बघितलं.

"लेस बांधून निघाला व्हय, भाचेबुवा? मोजे बी दिसून राहिलेत. हा राग न्हाई, रुसवा हाय. चहा घ्या अन् संध्याकाळच्या गाडीनं परत जा."

गेलो. बायकोनं दार उघडताच पाणी मीच मागितलं.

या खोडीमागं एक खटला होता. हट्टा गावाकडचा किसन वावरात बाभळीखाली भाकर खात बसला होता. त्याचं लेकरू कालव्यात बुडून नुकतंच गेलेलं. वाटणीवरून धुमसणारा धाकटा भाऊ बांधावरून ओरडला, "बरं झालं, एक वाटेकरी कमी झाला!" किसननं शेजारचं फावडं उचललं, धावला. भाऊ जागीच मेला.

सरकारी वकील म्हणाले, हा घरी जाऊन फावडं घेऊन आला, म्हणजे सरळ खून. जन्मठेप ठरल्यासारखीच होती. मामांनी एकच गोष्ट धरली. किसनच्या चपला बाभळीखालीच होत्या, अर्ध्या भाकरीशेजारी. आणि त्याचे तळवे फाटले होते. मधे कापलेल्या तुरीची खुंटं होती, भाल्यासारखी.

"शुद्धीवरचं माणूस तुरीच्या खुंटांतून अनवाणी पळत नाही, साहेब."

कोर्टानं अचानक आणि गंभीर चिथावणी मानली. खुनाचा सदोष मनुष्यवध झाला, जन्मठेप टळली.

"सोडवलं की मामा!" मी म्हणालो.

"सोडवलं काहून म्हणतो? मेलेला बी त्याच मायचं लेकरू व्हतं. माफी न्हाई ती, वजावट हाय."

शिक्षा भोगून किसन मामांच्या पाया पडायला आला, तेव्हा मी तिथंच होतो. मामांनी त्याला खुर्चीवर बसवलं. "खरं सांग, भानावर कधी आला?"

किसननं पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "फावडं हातातून पडलं, साहेब. मंग पाय दुखायला लागले."

तो गेल्यावर मामा मला म्हणाले, "तोवर कुठं असतंय रे माणूस?" आयुष्यभर उलटतपासणी घेतलेल्या माणसाला याचं उत्तर हवं होतं, आणि विचारत होते कुणाला, तर मला!

गेल्या उन्हाळ्यात मामा गेल्याचा फोन आला. भरदुपारी वसमतला उतरलो, स्टँडवरून चालतच घर गाठलं. रडता रडता मामीचं लक्ष माझ्या पायांकडं गेलं.

"आरं, चप्पल कुठाय तुझी?"

मग पाय भाजायला लागले.