अर्धं कडवं

निवृत्तीनंतर मुलुंडच्या दर्शनाने घरात साऊंड सिस्टिम बसवली, ती थोरल्या भावावर सूड उगवायला.

त्यांचे वडील चौदा एप्रिलच्या जयंतीच्या गाण्यांत कोरसला उभे राहत. एका रेकॉर्डवर एका कडव्यापुरता त्यांचा एकट्याचा आवाज होता. घाटकोपरच्या खोलीत अंथरुणाला खिळल्यावर ते दिवसभर तेवढंच ऐकत. रतनदादा त्या कटकटीला वैतागला आणि दर्शना ड्युटीवर असताना त्याने प्लेअर भंगारवाल्याला देऊन टाकला. ती हॉस्पिटलमधून परतली तेव्हा बाबा रेकॉर्ड छातीशी धरून बसले होते. "एकदाच लाव गं," म्हणत राहिले. महिन्याभरात गेले.

दादा ते विसरूनही गेला. दर्शनाच्या मात्र डोक्यातून गेलं नाही.

आधी तिने एक जुना, पेटीसारखा प्लेअर आणला. त्यात बाबा पत्र्याच्या डब्यातून गायल्यासारखे वाटत. एवढ्याने दादाला काय लागणार? मग कुर्ल्याच्या एका दुरुस्तीवाल्याला विचारून जड टर्नटेबल आला, चांगली सुई आली, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर आला. शेवटी कमरेएवढे स्पीकर आले आणि सोफा बाहेर गेला. आईला वेड लागलंय, असं लेक रेवती म्हणाली. पण आता कडव्याआधी बाबांनी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता. तो ऐकला आणि दर्शनाने दादाला जेवायला बोलावलं.

जेवणानंतर तिने त्याला दोन्ही स्पीकरांच्या मधोमध खुर्ची दिली. कोरस झाला, श्वास आला आणि बाबा खोलीत उभे राहून गावेत तसे गायला लागले. दादा पुढे झुकला. त्याचे डोळे भरले. कडवं अर्ध्यावर आलं आणि दर्शनाने सुई उचलली.

"अगं, राहू दे ना. परत लाव, एकदाच."

"बाबाही हेच म्हणत होते, दादा."

तो उठला आणि चपला घालून निघून गेला. निदान कडवं तरी संपू द्यायचं होतंस, असं रेवती बोलली. दर्शनाने ताटं उचलली.

दादाचे अजून फोन येतात. ती त्याचं बीपी विचारते, गोळ्यांची आठवण करते. गाण्याचा विषय काढला की सुई बिघडलीय म्हणून सांगते. फोन ठेवते आणि आवाज वाढवून अख्खं गाणं लावते.