मांडीखाली दाबलेले हात

बहिऱ्या-मुक्या मुलांना शिकवायचं शिक्षण मी मुंबईला घेत होते, पण त्यामागं दयाबिया काही नव्हती. मी बालविधवा. म्हसावदच्या सासऱ्यांनी एक वर्षाची मुदत दिली होती. मास्तरीण झालीस तर ठीक, नाहीतर मुकाट्यानं परत ये. ते घर मी चार वर्षं भोगलं होतं. त्यापेक्षा विहीर बरी.

परीक्षेची अट होती, की सुट्टीत एका मुलाला तोंडानं पाच शब्द बोलायला शिकवायचं आणि परीक्षकापुढं उभं करायचं. हातवारे साफ बंद. हात चालले की जीभ बसते, असं आमच्या मोठ्या बाई सांगायच्या. मला मूल शोधायला कुठं जायचं होतं? माझी धाकटी बहीण जन्माची बहिरी.

ती नंदुरबारला आईबरोबर मिरची वाळवायच्या मैदानात, पथारीवर, देठ खुडायला जायची. तिथं ठसक्यापायी सगळ्या बाया तोंडाला पदर बांधून बसत आणि दिवसभर हातांनीच बोलत. मुकादमाची ऐट, कुणाच्या सुनेचं रुसणं, सगळं हातांनी. त्यांत माझी बहीण सगळ्यांत वाचाळ! तिनं नुसता हात उचलला की बाया पदराआड हसून लोळायच्या.

तिथून मी तिला उठवलं. घरात दार लावून समोर बसवलं, हात मांडीखाली दाबायला लावले. माझे ओठ बघ, तसं कर. हात बाहेर आला की फटका.

आई कळवळायची, "येडी व्हयनी का तू? कसाले दाबस तिना हात? बोलस ना ती!"

"त्याला बोलणं म्हणत नाहीत," मी खेकसायचे. मेलं मलाही कळत होतं, पण डोळ्यांपुढं म्हसावद होतं.

महिन्याभरात पाच शब्द आले, घोगरे, ओढून काढलेले. मुंबईला गोऱ्या परीक्षकानं मान डोलावली. मी पास झाले. सुटले बाई एकदाची! त्या आनंदात मी बहिणीकडं पाहिलंसुद्धा नाही.

तिला घरी सोडायला आले आणि दुसऱ्या दिवशी पथारीवर डोकावले. बाया तिला खुणांनी विचारत होत्या, मुंबईत काय पाहिलंस? तिचे हात वर आले. तेवढ्यात तिला मी दिसले.

हात झटकन मांडीखाली गेले. तोंडावरचा पदर ओढून काढून ती मोठ्यानं म्हणाली, "आई. बाबा. पाणी. मामा. ताई."

पदराआड कुणी हसलं नाही.