काकांनी जिंकलेलं सगळं

आमच्या शेजारच्या काकांइतका दिलदार माणूस अख्ख्या डिलाईल रोडवर झाला नसेल, आणि त्यांनी दिलेली एकही वस्तू कधी कोणाच्या घरी पोचली नाही. टीव्हीवर संध्याकाळी एक प्रश्नमंजूषा लागायची. प्रश्न सगळे चावट, आणि नियम असा की जिंकणाऱ्याने स्वतःकडे काही ठेवायचं नाही. काय हवं आणि ते कोणाच्या घरी पाठवायचं, हे खेळाआधीच चिठ्ठीवर लिहून द्यायचं. काका आपल्या वडिलांच्या जुन्या आरामखुर्चीत बसून घरूनच खेळत. उत्तर सुचलं की स्टीलच्या ताटलीवर चमचा वाजवत, रोज जिंकत, आणि मग गॅलरीत येऊन चाळीला बक्षिसं वाटत. तळमजल्यावरच्या वहिनींना त्यांनी तिसऱ्यांदा कुकरच दिला, तेव्हा वहिनी आठ दिवस गाल फुगवून होत्या. मला एकदा दोन दारांचा फ्रीज मिळाला. तो आमच्या एवढ्याशा खोलीत कुठे ठेवायचा यावरून माझं आणि बायकोचं खरंखुरं भांडण झालं.

गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या धाकट्या भावाला मात्र काकांनी कधी साधी चाळणीही दिली नाही. वडिलांमागे ती आरामखुर्ची कोणाची, यावरून दोघांचं बोलणं बंद होतं. बारा वर्षं एकाच नळावर पाणी भरलं, पण एक शब्द नाही. खुर्ची राहिली काकांकडे, आणि तिच्यात बसून त्यांना सुख लागलं असं मला कधी वाटलं नाही.

एकदा काकांना त्या कार्यक्रमाचं खरोखरच बोलावणं आलं. चाळ टीव्हीसमोर जमली. काकांना सगळी उत्तरं येत होती, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण सवयीने ते पेनाने समोरच्या पेल्यावर टिणटिण वाजवत राहिले. बटण दाबायचं असतं हे खेळ संपेपर्यंत त्यांच्या ध्यानात आलं नाही. निवेदकाने हसत हसत हरलेल्यांच्याही चिठ्ठ्या वाचल्या. काकांच्या चिठ्ठीत होतं, 'आरामखुर्ची. धाकट्या भावाच्या घरी.'

दुसऱ्या दिवशी मी काकांकडे चहाला बसलो असताना धाकटा दारात उभा राहिला.

"माझी खुर्ची खंय?"

"हरलंय रे मी."

"बघलंय. पण दिलंस मां?"

काका उठले. "बस हंय," म्हणाले. धाकटा बसला आणि काका खाली जमिनीवर, खुर्चीच्या हाताला टेकून. मला उगाचच रडू येत होतं, म्हणून मी कप विसळायला उठलो.

काका जाऊन आता दोन वर्षं होतील. खुर्ची गॅलरीच्या त्या टोकाला गेली, ताटलीही गेली. संध्याकाळी तिकडून चमचा वाजतो आणि आपल्यालाही काही मिळेल अशी वेडी आशा वाटून मी विचारायला जातो. धाकटा टीव्हीवरून नजर काढत नाही.

"आज कोणाला दिलंत?"

"सगळां तेकाच," चमच्याने भिंतीवरच्या काकांच्या फोटोकडे दाखवत तो म्हणतो.