बिनवाटेकऱ्याचा आकडा

नवीन माणूस भेटला की आकडेकाका त्याचं गाव विचारत नसत, जन्मतारीख विचारत. मग लग्नाची तारीख, मग घरनंबर. मी चंडीगडला नवीन होते. मला वाटलं, हे पत्रिका बघत असणार. "छे हो," ते म्हणाले, "तुम्ही कोणता आकडा लावणार, त्याचा अंदाज घेतोय."

आकडा लावायचा तो मराठी मंडळाच्या गणपतीच्या शेवटच्या आरतीसाठी. मान कुणाचा, यावरून पूर्वी बरेच रुसवेफुगवे झाले होते, म्हणून लॉटरी सुरू झाली. प्रत्येक घराने एक ते नव्वदमधला एक आकडा चिठ्ठीवर लिहून द्यायचा आणि तंबोल्याच्या पिशवीतून सोंगटी काढायची. ज्याचा आकडा निघेल, त्याच्या हातात आरतीचं ताट. दोघांनी तोच लिहिला असेल तर दोघांत मिळून. पोरं याला जॅकपॉट म्हणत आणि काकांना गाठून विचारत, "अंकल, इस बार क्या लगाया?"

काका मूळचे सांगलीचे, सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. त्यांचं शास्त्र पक्कं होतं. एकतिसाच्या आत शिरायचंच नाही, तिथे सगळ्यांचे वाढदिवस. साठाच्या पुढे जन्मसालं. एक्कावन्न शुभ, म्हणून गर्दी. "आणि छत्तीस तर नकोच. भांडणारे नवरा-बायको हटकून तोच लावतात." उरले त्रेचाळीस, सत्तेचाळीस असे कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेले आकडे. "आकडा निघणं आपल्या हातात नाही," ते म्हणत. "निघालाच तर वाटेकरी नसावा, एवढंच आपल्या हातात."

या चौकशीपायी सगळ्यांचे वाढदिवस त्यांना पाठ झाले होते. त्या दिवशी सकाळी माहेरच्या आधी त्यांचा फोन येई. "आज एकोणीस, तुमचा आकडा," एवढं बोलून ते थोडे घुटमळत. आपण काही विचारलं तर पुढे बोलत, नाहीतर फोन ठेवत. त्यांच्याकडे दिवसभरात दुसऱ्या कुणाचा फोन येत नसावा, असं मला वाटे.

माणूस कंजूष नव्हता, मग वाटेकऱ्याचं एवढं वावडं का, हे मी एकदा विचारलंच. ते चष्मा पुसत म्हणाले, "ही आरतीला माझ्या उजव्या हाताला उभी राहायची, हाताला हात लावून. एकदा तसंच ताट धरायचंय, तिची जागा रिकामी ठेवून. वाटेकरी आला की ती जागा भरली." आणि लगेच म्हणाले, "कुणाला सांगू नका. म्हातारा हळवा झाला म्हणतील."

पुढच्याच गणपतीत त्रेचाळीस निघाला. चिठ्ठ्या चाळल्या, त्रेचाळीस एकट्या काकांचा. पोरांनी शिट्ट्या मारल्या. काकांनी सदरा नीट केला, ताट घेतलं आणि डाव्या बाजूला सरकून उभे राहिले. उजवीकडे एका माणसापुरती जागा सुटली. इतकं निवांत त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं.

ती जागा आमच्या अध्यक्षीणबाईंना बघवली नाही. "अरे, काका एकटेच? जा रे कुणीतरी." एअर फोर्समधलं एक तरुण जोडपं लगबगीने पुढे झालं. ती पोरगी नेमकी उजवीकडे उभी राहिली आणि तिने काकांच्या हाताला हात लावला. खिरापतीचं पातेलं ठेवून मी पुढे येईपर्यंत आरती सुरू झाली होती. पहिल्या कडव्यानंतर काकांनी ताट त्या दोघांच्या हातात दिलं आणि मागे येऊन टाळ्या वाजवू लागले.

त्यांना मोहालीला घरी सोडताना गाडीत ते म्हणाले, "त्या दोघांना काही कळू देऊ नका हं. चांगल्या मनाने आले बिचारे." त्यानंतर त्यांनी आकडा लावला नाही. पुढच्या वर्षी ते पुतण्याकडे सांगलीला गेले आणि मागच्या हिवाळ्यात तिकडेच वारले.

ते जोडपं आता जोधपूरला असतं. बातमी कळल्यावर त्या पोरीचा फोन आला. रडत होती. "ताई, बरं झालं ना, निदान त्या दिवशी तरी आम्ही काकांना एकटं पडू दिलं नाही."

मी म्हटलं, "हो गं."