शालिकने न सांगितलेला भाव

शालिक गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाशी क्लचप्लेटच्या किमतीवरून वाद घालत होतो. फोन खाली ठेवला, वाद पुरा केला, मगच शटर ओढलं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी तो जिवंत असताना त्याच्या तोंडावर बोललो आहे, आता तो ऐकत नाही म्हणून माझी भाषा गोड होणार नाही.

आमची ओळख देऊळगाव राजाच्या बाजूच्या बैलबाजारातली. मी तेव्हा जमिनीवर फडकं अंथरून दोर, मोरक्या आणि घुंगरमाळा विकायचो, आणि तो बैलांचा दलाल. बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि त्याच्याखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा करायचा. ठरलेला आकडा त्या दोघांत राहतो. हे सगळेच पाळतात, पण शालिक ते देवाचं असल्यासारखं पाळायचा. बोटांची ती भाषा मी त्याच्याकडूनच शिकलो. पुढे मी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं, चार पैसे झाले, आणि तो मला शेठ म्हणायला लागला. त्या शब्दात आदर नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं.

मग मी यॉट घेतली. होय, यॉट... आमच्या धरणाच्या पाण्यावर. लग्नाआधी फोटो काढायला जोडपी धरणावर येतात, त्यांना पांढरं शीड आणि मागे पाणी दिलं तर धंदा होईल, हा माझा हिशोब होता आणि तो बरोबर होता. कोकणातल्या एका यार्डातून जुनी बोट घेतली, ट्रेलरवरून आणली, विमा उतरवला. दोन मोसम गर्दी इतकी, की जोडप्यांना तारखा मिळत नव्हत्या. मग एका अवकाळी वाऱ्यात तिचा दोर तुटला. धरणात बुडालेल्या गावाच्या दगडी भिंतीवर आपटून बूड फाटलं आणि ती धरणाच्या मागच्या अंगाच्या गाळात कलंडून बसली.

यार्डवाला फोनवर म्हणाला, लवकर पाठवा, उन्हात बूड तडकलं तर दुरुस्ती होणार नाही. काढून देणारी त्याच्या ओळखीची एक कंपनी होती. तिनं सांगितलेल्या पैशात दुसरी बोट आली असती. जालन्याहून क्रेन बोलावली, तर ती स्वतःच गाळात रुतली आणि तिला बाहेर काढायचे पैसे तिच्या मालकानं माझ्याकडे मागितले. शेवटी शालिक आला. काठावर उभा राहून बराच वेळ बोटीकडे बघितलं आणि खांद्यावरचा रुमाल काढला.

काठावरच, उन्हात, आमचा सौदा झाला. दहा जोड्या लावायच्या, बोट सडकेपर्यंत आणून द्यायची. त्यानं गाळावर कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या अंथरल्या, बुडाखाली ओली पोती घातली आणि वीस बैल एका दोराला जुंपले. बैल पोटापर्यंत चिखलात होते. एकाही बैलाला त्यानं तुतारीची आर टोचू दिली नाही, नुसतं ओरडून चालवले. संध्याकाळी यॉट सडकेवर होती. मी ठरलेले पैसे जागेवर मोजून दिले.

विम्याचा माणूस आला तो बोट यार्डात पोचल्यावर. त्याला बोट काढण्याच्या खर्चाची पावती हवी होती. माझा शब्द चालणार नव्हता, पैसे घेणाऱ्यानं आकडा सांगून सही करायची होती. मी त्याला गाडीत घालून शालिकच्या ओट्यावर नेलं. शालिकनं चहा पाजला, बैल किती, दोर कोणता, सगळं सांगितलं. आकडा विचारला की पुन्हा दोराचंच सांगायचा.

"सांग ना बे, तुले का फाशी होऊन राह्यली?" मी म्हणालो.

"शेठ, रुमालाखालचा भाव हाय तो. तिसऱ्याच्या कानावर गेला का माह्यासंगं हात कोण लावीन?"

मी त्याला हात जोडले, मग शिव्या दिल्या. त्यानं दोन्ही ऐकून घेतलं. विम्याचा दावा नामंजूर झाला. यार्डात जागेचं भाडं रोज चढत होतं. मी दोनदा जाऊन घासाघीस केली, पण तिथले लोक माझ्याहून पक्के निघाले. भाड्यापोटी त्यांनी बोट ठेवून घेतली. कोणी म्हणेल, आधीच कागद करायचा होता. बैलबाजारात कोणी कागद केलेला मी पाहिलेला नाही. त्या दिवसापासून मी शालिकशी बोललो नाही. बाजारात तो समोरून आला की मी थुंकून वाट बदलायचो, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तेरवीला मी फक्त त्याच्या बायकोसाठी, वच्छलावहिनींसाठी गेलो. पंगत उठल्यावर, त्या दिवशी बोटीला बैल लावलेले जोडीवाले मांडवात बसून होते. शालिकनं माझ्याकडून मोप पैसा घेतला आणि आम्हाला थोडक्यात गुंडाळलं, असं त्यांचं म्हणणं. त्याचा मुलगा आता दलालीत उतरला होता आणि बापानं खाल्लं असेल तर पोराच्या हाती बैल द्यायला कोणी तयार नव्हतं. वच्छलावहिनी माझ्यासमोर येऊन बसल्या.

"भाऊजी, त्यायनं मलेबी नाही सांगतलं. तुमालेच माहीत हाय. खाल्ले असतीन तं तसं सांगा, मी फेडीन."

मी जोडीवाल्यांना विचारलं, जोडीमागे किती मिळाले? त्यांनी सांगितलं. मी मनात दहानं गुणलं... बरोबर तेवढेच, जेवढे मी मोजून दिले होते. एक रुपया त्यानं ठेवला नव्हता. वीस बैल चिखलातून ओढले आणि स्वतःची दलाली घेतली नाही. मला तेव्हाही राग आला, आजही आहे. फुकट केलं होतंस तर तोंडानं बोलायचं होतंस, माझ्या शिव्या कशाला खाल्ल्यास?

मी उठून उभा राहिलो आणि भर मांडवात आकडा सांगितला. इथं लिहीत नाही, ज्यांना हवा होता त्यांनी ऐकला. त्याचं माझं वैर सगळ्यांना माहीत, म्हणून कोणी शंकाही काढली नाही. पोराला पुढच्याच बाजारी विकायला तीन जोड्या मिळाल्या.

गेल्या बाजारी मीही एक जोडी बघायला गेलो. वावरासाठी हवी होती. दात बघितले, चालवून बघितली, मनात भाव धरला आणि हात पुढे केला. विकणारा म्हातारा मला ओळखत होता, तेरवीच्या मांडवातही होता. त्यानं गळ्यातला रुमाल काढला, घाम पुसला आणि परत गळ्यात टाकला.

"तुमाले तोंडानंच सांगतो," तो म्हणाला, आणि आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा भाव सांगितला. माझा हात तसाच पुढे होता.