आमचा बँड त्या फिल्ममध्ये का नाही

बायकोला हे माहीत नाही. सलीमला माहीत नाही. आणि ज्याला सगळ्यात आधी कळायला हवं होतं, त्याला तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असावं. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ रेटत नाही.

ती फिल्म तुम्ही पाहिली असेल. आमच्याकडे तिला नावानं कुणी हाक मारत नाही, नुसतं ‘फिल्म’ म्हटलं की कळतं. नांदेडच्या बाहेर एका मोकळ्या मैदानावर मराठवाड्यातल्या रॉक बँडचा एक मोठा प्रोग्राम झाला होता, त्याची ही फिल्म. बारा वर्षं होत आली. मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात भरून मिळायची. हॉस्टेलवरच्या पोरांना कुठल्या गाण्याला कोण कुठे उडी मारतो तेसुद्धा पाठ होतं. फिल्ममध्ये पाच बँड दिसतात. वाजवलं होतं सहांनी.

सहावा आमचा. नाव ‘ढेकूळ’. हसू नका, काळ्या रानातल्या पोरांना तेव्हा ते फार भारी वाटलं होतं. आम्ही चौघं नांदेडला इंजिनिअरिंगला होतो. गाणारा मी – लातूरच्या कापड दुकानदाराचा मुलगा, गाण्याच्या परीक्षा दिलेला, आणि त्याचा तोरा मिरवणारा. गिटारवर सलीम. बेसवर सलीमचाच मावसभाऊ. आणि ड्रमवर बालाजी.

बालाजी मुखेडकडच्या एका खेड्यातला. वाजवायला कुठेच शिकला नव्हता. नवरात्रात देवीपुढे ढोल वाजवला, एसटीच्या सीटवर बोटं आपटली, हेच त्याचं शिक्षण. डोळे मिटून वाजवायचा. मी त्याला तालाच्या मात्रा समजावून सांगायचो आणि तो मान डोलवायचा – मनापासून. मला अप्पा म्हणायचा. ‘अप्पाला समदं कळतंय’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. माझ्यावर एवढा विश्वास टाकणारा दुसरा माणूस मला पुढे भेटला नाही. बहुतेक म्हणूनच मला ते जमलं.

काय जमलं? सांगतो. जरा दम घेऊ द्या.

त्या संध्याकाळी आमची पाळी शेवटची होती. तिसरं गाणं चालू असताना लाइट गेली. जनरेटरही धडधडून गप्प झाला. माझा माइक मेला, गिटार मेली, बेस मेला. मैदानात इतकी माणसं आणि काळोख. आता आरडाओरडा होणार, दगड येणार, असं मला वाटलं. पण ड्रमला कुठे वीज लागते? बालाजी वाजवतच राहिला. त्याला बहुधा कळलंच नाही. त्यानं गाण्याचा ठेका सोडला आणि हळूच ढोलाचा, देवीपुढचा ठेका धरला. लोकांनी मोबाइलचे टॉर्च लावले. पुढच्या रांगेनं टाळी धरली, मग मागच्यांनी धरली, मग सगळं मैदान. किती वेळ चाललं ते मला सांगता येणार नाही. मी आजवर ऐकलेलं सगळ्यात चांगलं वाजवणं ते होतं. हे वाक्य लिहायला मला बारा वर्षं लागली.

आणि मी काय करत होतो? मी आधी माइकवर टिचक्या मारल्या. मग ओरडून गायला बघितलं – कोण ऐकतंय? मग मागे वळून बालाजीला थांबायच्या खुणा केल्या. हात हलवून, दोनदा. त्याचे डोळे मिटलेले. मग मी रागानं स्टेजवरून खाली उतरलो. गाणारा निघून गेला, हे त्या अख्ख्या मैदानात एकाच्याही ध्यानात आलं नाही.

कॅमेऱ्याच्या मात्र आलं होतं. कॅमेरे बॅटरीवर चालत होते.

फिल्म करणारी मुलगी लातूरचीच, पुण्याला शिकून आलेली. दोन महिन्यांनी तिनं मला एका चहाच्या हॉटेलात बोलावलं. लॅपटॉपवर तो तुकडा दाखवला. टॉर्चच्या उजेडात बालाजीचा घामेजलेला चेहरा, शांत, आणि त्याच्या पुढून इकडून तिकडे तणतणत जाणारा मी. माझा हात हलताना दिसतो. माझं तोंड उघडमीट करताना दिसतं. मग मी नाहीच, आणि टाळ्या वाढत जातात. ती म्हणाली, हाच माझ्या फिल्मचा शेवट. तुमची बाकीची गाणी नीट रेकॉर्ड झाली नाहीत, पण या तुकड्यापुढे ती नकोतच. बँडचा होकार मात्र पाहिजे.

बँडचा लीडर मी होतो. मी नाही म्हणालो.

तिचा विश्वास बसेना. बाकीच्यांना विचारलं का, म्हणाली. मी म्हणालो, चौघांचं ठरलंय, अर्धवट गाणं आम्हाला दाखवायचं नाही. इतकं गुळगुळीत बोललो की मलाच आश्चर्य वाटलं. तिनं आणखी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मी तेच सांगितलं. ती शब्दाला जागणारी निघाली, तिनं आम्हाला काढून टाकलं.

तुम्ही म्हणाल, पोरवय होतं, मान दुखावला असेल. होय, दुखावला होता. पण तेवढ्यावर थांबलो असतो तर हे लिहायला बसलो नसतो.

आम्ही सलीमच्या वडिलांच्या गॅरेजमागे प्रॅक्टिस करायचो. तिथे मी तिघांना सांगितलं की तिनं आपल्याला घेतलं नाही. सलीम भडकला. का नाही घेतलं? कारण सांग! माझ्याकडे कारण तयार नव्हतं. बालाजी समोरच बसून झांजेचा स्क्रू आवळत होता. माझी नजर त्याच्यावर गेली आणि मी म्हणालो, ताल पळालाय म्हणे. अंधारात कुणाच्या लक्षात आलं नाही, पण रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट ऐकू येतं. मीही ऐकलं, म्हणालो.

मीही ऐकलं. हे मी का जोडलं? नुसतं तिच्या नावावर खपवलं असतं तर बालाजीनं कदाचित मान झटकली असती. अप्पानं ऐकलं म्हटल्यावर त्याचा नाइलाज झाला.

तो भांडला नाही. स्क्रू आवळत राहिला. मग म्हणाला, “मला वाटलंच हुतं अप्पा. लोकायनी टाळ्या धरल्या अन् माझा हात पळाला आसंल. तुम्ही एवढं चांगलं वाजवून राहिलते, अन् मी बुडवलं.” आणि त्यानं आमची तिघांची माफी मागितली. सलीमनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मीही ठेवला.

मग फिल्म आली. त्यातल्या पाच बँडना पुण्याहून, मुंबईहून बोलावणी आली. त्यातला एक तर मला विचाराल तर अगदीच सुमार होता, पण फिल्ममध्ये होता ना! आम्हाला गणपतीत, कॉलेजच्या गॅदरिंगला विचारायचे, “फिल्ममधले आहेत का तुम्ही?” आम्ही म्हणायचो, आम्हीही वाजवलं होतं त्या दिवशी. समोरचा मोबाइल काढून बघायचा आणि संशयानं आमच्याकडे पाहायचा. पुढे तर गंमतच झाली. मुखेडला एका लग्नात एक पोरगा मला रंगवून सांगू लागला की त्या प्रोग्रामला लाइट गेली होती आणि ड्रमवाल्यानं एकट्यानं मैदान पेटवलं होतं. तो स्वतः तिथे होता, शपथेवर सांगत होता. ड्रमवाला मात्र त्यानं दुसऱ्याच बँडचा सांगितला – फिल्ममधल्या. मी म्हणालो, हो का, वा. आणि ताटातली जिलबी खाल्ली.

बालाजीनं मोबाइलमध्ये टिकटिक वाजणारं ॲप घेतलं. कानात वायर घालून त्या टिकटिकीवर वाजवायचा. डोळे उघडे ठेवायला लागला. प्रत्येक गाण्यानंतर माझ्याकडे बघायचा, पळालं का, म्हणून. आधी कधीच न चुकणारा माणूस घाबरून खरोखर चुकायला लागला. मला ते ऐकू येत होतं आणि – खरं सांगू? – मला बरं वाटत होतं. आता मी खोटं बोललो नव्हतो ना! वर्षभरात त्यानं वाजवणं सोडलं. ड्रम देगलूरच्या एका लग्नाच्या बँडवाल्याला देऊन टाकले. बँड मोडला. आज मी लातुरात गाण्याचा क्लास चालवतो आणि पोरांना रोज सांगतो की आधी ताल.

दोन वर्षांपूर्वी ती फिल्म करणारी भेटली. बोलता बोलता म्हणाली की जुनी हार्डडिस्क खराब झाली, फिल्मबाहेरचं सगळं चित्रीकरण गेलं, तुमचंसुद्धा. तिला फार वाईट वाटत होतं. मीही वाईट चेहरा केला. घरी येईपर्यंत गाडीवर शीळ घालत आलो. आता त्या वाजवण्याचा पुरावा उरला नव्हता. उरला होता तो फक्त माझा शब्द.

इथवर मी तुम्हाला जुनी गोष्ट सांगितली. जुन्या गोष्टीला माणूस वयाचं पांघरूण घालू शकतो. पण मला सांगायचंय ते या उन्हाळ्यातलं आहे.

वर्षाच्या तिखटाची मिरची आणायला धर्माबादला गेलो होतो. बालाजी तिथेच एका मिरचीच्या अडतीवर नोकरीला असतो, हे ऐकून होतो. टाळता आलं असतं. पण त्यानंच मला लांबून ओळखलं, “अप्पा!” म्हणून पोत्यांवरून उड्या मारत आला. डोळे मिरचीच्या तिखट धुळीनं लाल झालेले. जेवल्याशिवाय सोडेना. घरी नेलं.

त्याला एक मुलगी आहे, श्रावणी, आठएक वर्षांची. आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो होतो, कूलर घरघरत होता. तेवढ्यात लाइट गेली. कूलर बंद पडला आणि आतून आवाज यायला लागला. तेलाच्या रिकाम्या डब्यावर दोन चमचे. देवीपुढचा ठेका. तिला कुणी शिकवला, देव जाणे. मी ऐकत राहिलो. एक मात्रा इकडची तिकडे होत नव्हती.

बालाजीनं तिला हाक मारली. ती चमचे हातात घेऊनच आली. त्यानं मला सांगितलं की शाळेच्या लेझीम पथकात बाईंनी हिला ढोलावर घेतलंय, चिठ्ठीवर सही मागतात, आणि मी देत न्हाई. मग तिला जवळ घेतलं, केसांवरून हात फिरवला. तो अजिबात रागावलेला नव्हता. “आपल्या हाताला ताल न्हाई बाळा,” म्हणाला. “समद्या लोकांत हात पळतोय आपला. मग दुसऱ्यायचं बी वाटोळं होतंय. मी करून बसलोय ते.” ती हटून बसली. म्हणाली, बाईंना तर आवडतं. तेव्हा तो हसला आणि माझ्याकडे बोट केलं. “ह्या काकाला इचार मग. त्यायला समदं कळतंय. सांगा अप्पा, मी खरं बोलून राहिलो का न्हाई?”

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आशा होती, ती मला अगदी नीट दिसली. कुणी मला धमकावत नव्हतं. माझं काहीच जाणार नव्हतं – बँड नाही, फिल्म नाही, नाव नाही. एक वाक्य बोलायचं होतं.

मी म्हणालो, “हाव. खरं हाय.”

तिनं दोन्ही चमचे आत नेऊन आईला दिले. मग आम्हाला पाणी आणून दिलं. लाइट आली, कूलर सुरू झाला, बालाजीच्या बायकोनं पानं वाढली. श्रावणी आमच्यासमोरच खाली मान घालून जेवत होती, हात अगदी गप्प ठेवून. बालाजी आग्रह करत होता, आणि मी आणखी एक भाकरी घेतली.